गॅरेजमधला झांबिया

आमच्या घरी गाडी बाहेर ड्राइव्हवेवर उभी असायची आणि गॅरेजमध्ये झांबिया होता. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत बाकीच्या गॅरेजांत सायकली, गवत कापायची मशीनं, जुने सोफे. आमच्यात भिंतभर मांडण्या आणि त्यांवर लाल मातीची पाकिटं, प्रत्येकावर ठसठशीत अक्षरात नंबर. दाराच्या आतल्या बाजूला कृषी खात्याचा परवाना चिकटवलेला. परदेशातली माती या देशात कुणालाही अशी उचलून आणता येत नाही. आमची माती तिकडेच भट्टीत भाजून, जंतू मारून, सील होऊन यायची. वर्षातून एकदा एक बाई तपासणीला यायच्या. पहिल्या खेपेला त्यांनी पाकिटांकडे धड पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यात आईने वाळत घातलेल्या सांडग्यांच्या ताटाशी वाकून त्यांनी विचारलं, "हे कुठले?" आई म्हणाली, "मुगाचे." बाईंनी देशाच्या रकान्यात तसंच लिहून घेतलं.

बाबा भूगर्भशास्त्रज्ञ. नागपुरात असताना मँगनीजच्या खाणींत हिंडलेले, इकडे आल्यावर तांब्याच्या नादी लागलेले. झांबियाच्या उत्तरेला तांब्याचा मोठा पट्टा आहे. तिथे कित्येक पिढ्या खाणी चालल्यात, मोठ्या कंपन्यांनी मोठे खड्डे खणून ठेवलेत. त्या खड्ड्यांच्या मध्येमध्ये कुणाच्या नजरेतून सुटलेलं तांबं राहिलंय का, ते शोधणं हे बाबांच्या कंपनीचं काम. "बासुंदी संपली की पातेल्याची खरवड काढतात ना, तसं," बाबा पाहुण्यांना सांगायचे, "आणि खरी गोडी खरवडीतच असते." कंपनी म्हणजे रॉजर नावाचा उंच, गुलाबी मालक, बाबा, आणि तिकडे झांबियात मुलेंगाकाका. मुलेंगाकाका रानात फिरून दर पन्नास पावलांवर गुडघाभर खोलीची मूठभर माती काढायचे. खोल कुठे तांबं असेल तर वरच्या मातीत त्याचा अंश उतरलेला असतो म्हणे. मातीचा एक वाटा प्रयोगशाळेत जायचा, तिथून उत्तर यायला चार महिने. दुसरा वाटा आमच्या गॅरेजमध्ये, जिथे उत्तर एका मिनिटात मिळायचं, कारण आमच्याकडे गन होती.

गन म्हणजे क्ष-किरणांचं, हातात धरायचं, केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसणारं मशीन. वस्तूवर टेकवलं, खटका दाबला, की 'टुंई' असा आवाज व्हायचा आणि पडद्यावर धातूंची यादी यायची. माझ्या त्या वयाच्या आठवणींना पार्श्वसंगीत आहे ते त्या टुंईचं. खाली गॅरेजमध्ये टुंई, वर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, आणि बाहेर शेजाऱ्याचं पानं उडवायचं यंत्र. गनची कीर्ती मराठी मंडळात पसरली तेव्हा एका रविवारी चार काकू आपापले दागिने घेऊन आल्या. बाबांनी हौसेने पहिल्या काकूंच्या पाटल्या तपासल्या आणि शास्त्रज्ञाच्या निर्मळ मनाने निकाल मोठ्याने वाचून दाखवला. उरलेल्या तीन काकूंनी पर्स बंद केल्या. त्या पाटल्या लग्नात सासूबाईंनी घातल्या होत्या. त्या कुटुंबाने पुढच्या तीन संक्रांती आमच्याकडे तीळगूळ घेतला नाही.

सकाळी सहाला झांबियाशी व्हिडिओ कॉल असायचा. तिकडे दुपारचा एक वाजलेला. स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्या मागे आईच्या पोळ्या. पडद्यावर पहिल्यांदा आले तेव्हा मुलेंगाकाका टोपी काढून आईला म्हणाले, "मुली शानी?" आईचा चेहरा फुलला. "हो हो, शहाणी आहे तशी," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "पण अभ्यासाचं जरा सांगावं लागतं." त्यांच्या बेंबा भाषेत याचा अर्थ 'कशा आहात?' एवढाच, हे बाबांनी समजावून सांगितलं. पण आईने ते मनावर घेतलं नाही. रोज सकाळी काका विचारत, आणि रोज सकाळी आई त्यांना माझ्या शहाणपणाचा ताजा अहवाल देई.

तो शहाणपणा किती, ते त्या ऑक्टोबरात कळलं. मी सोळा वर्षांची होते. बाबा आणि रॉजर आठ दिवसांसाठी शॉमबर्ग नावाच्या गावी निघाले, कुणाकुणाला भेटून कंपनीत पैसे घालायला लावायला. जाताना बाबांनी दोनशे पाकिटं माझ्यावर सोपवली. सहाशे बारापासून आठशे अकरापर्यंत. "प्रत्येकातली अर्धी वाटी काढायची, नायलॉनच्या चाळणीने चाळायची, बारीक माती डबीत. बाकी काही डोकं लावायचं नाही." मला हे आवडलं होतं, कारण दर दहा पाकिटांना एकदा बाबा मला गाडी चालवायला देणार होते.

डोकं लावू नको म्हटलं की ते लागतंच. चाळणीत टाकलेल्या ढेकळांवर मी डावाच्या दांड्याने ठोकत होते, आणि पहिल्याच पाकिटाला तिच्या जाळीला मुठीएवढं भोक पडलं. बाबांना फोन केला तर त्यांचा फोन बंद. आई मंडळाच्या दिवाळीच्या मीटिंगला. खुंटीवर तिची पितळी चाळण लटकत होती, नागपूरच्या इतवारी बाजारातून घेतलेली, तिच्या आईने लग्नात दिलेली, मैदा-पिठी चाळायची. जाळी बारीक, शिवाय दणकट. मी ती खाली नेली. ढेकळं त्यावर पितळी वाटीच्या बुडाने खसाखसा घासली. इतकं झकास काम झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. एका दुपारी आईने चिरोट्यांच्या मैद्यासाठी चाळण मागितली, तेव्हा मी ती धुऊन, पुसून देऊन टाकली, आणि मधली अकरा पाकिटं चहाच्या प्लॅस्टिकच्या गाळणीतून काढली; संध्याकाळी चाळण परत पळवली. चिरोटे त्या वर्षी जरा जास्त खुसखुशीत झाले होते, असं सगळ्यांचं मत पडलं.

बाबा परत आले आणि गन घेऊन गॅरेजमध्ये बसले. टुंई, टुंई. मग बराच वेळ काही आवाज नाही. मग बाबा जिन्याने वर आले ते धावत, एका पायात चप्पल. "अगं, ऐकलंस का! तांबं!" आई कणीक मळत होती, तिचे पिठाचे हात धरून त्यांनी तिला स्वयंपाकघरात एक पूर्ण गिरकी दिली. मी माझ्या वडिलांना आयुष्यात त्याआधी नाचताना पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

नकाशावर ते तांबं फारच देखणं दिसत होतं. सहाशे बारापासून लख्ख लाल पट्टा सुरू व्हायचा, आठशे अकराला चाकूने कापल्यासारखा थांबायचा. "निसर्ग इतकी सरळ रेघ सहसा मारत नाही," बाबा बोट फिरवत म्हणाले, "म्हणूनच हे मोठं आहे." मध्ये ओळीने अकरा ठिकाणी पट्टा एकदम तुटला होता. त्याचंही त्यांच्याकडे उत्तर होतं. तिथे जमीन फाटून दोन्ही बाजू सरकल्या असणार. अशा भेगेला भ्रंश म्हणतात. पाकिटं मी चाळली म्हणून त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'मंजिरी भ्रंश'.

"पोरीच्या नावाला भ्रंश काय लावता?" आई म्हणाली. "बुद्धिभ्रंश म्हटल्यासारखं वाटतं."

"अगं, जगाच्या नकाशावर नाव येईल तिचं!"

मी गालातल्या गालात हसत होते. खरंच सांगते, मला तेव्हा काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

कळलं ते दुसऱ्या दिवशीच्या कॉलमध्ये. मुलेंगाकाका आकडे बघून खूश दिसायला हवे होते. ते डोकं खाजवत होते. "सर, तांबं ठीक आहे. पण जस्त कुठून आलं? आमच्याकडे तांबं येतं ते कोबाल्टचा हात धरून. इथे कोबाल्ट नाही, आणि जस्त भरपूर. या जस्तबाईला मी ओळखत नाही." बाबा उत्साहाने म्हणाले, "तेच तर! हा नवीनच प्रकार आहे!" आणि त्यांनी पुढची पंचवीस मिनिटं जस्त कुठून कसं वाहत आलं असेल ते सांगितलं. मी दूध पीत होते. तांबं आणि जस्त. शाळेत तीनच आठवड्यांपूर्वी मिश्रधातूंची टेस्ट झाली होती, आणि तांबं अधिक जस्त बरोबर काय, हा दोन मार्कांचा प्रश्न माझा बरोबर आला होता. माझी नजर आपोआप खुंटीकडे गेली. दूध तिथेच राहिलं.

त्यानंतर चार दिवस मी तोंड उघडलं नाही. आज माझी मुलगी काही लपवते तेव्हा मला तिचा राग येत नाही, त्याचं कारण ते चार दिवस आहेत. दर वेळी सांगायला जावं तर बाबा फोनवर कुणाला तरी 'मंजिरी' या शब्दाचं स्पेलिंग सांगत असायचे. तिकडे नोव्हेंबरात पाऊस लागतो, मग चिखलात ड्रिलिंगचं अवजड मशीन हलत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेच्या उत्तरासाठी न थांबता लगेच भोक पाडायचं, असं रॉजरने ठरवलं. बाबांचा व्हिसा वसंतात संपत होता, आणि नव्या अर्जावर सही लागायची ती रॉजरचीच. रॉजर आता बाबांना फोनवर 'माय फ्रेंड' म्हणू लागला होता. आई मला म्हणाली, "जेवत का नाहीस गं? वडाभात केलाय तुझ्यासाठी." वडाभात न खाणारी मुलगी नागपूरच्या घरात आजारीच समजतात. तिने माझी दृष्ट काढली.

ड्रिल अडलं ते एका बाईंपाशी. तो लाल पट्टा बरोबर त्यांच्या भुईमुगाच्या शेतातून जात होता. त्यांचं नाव बानाचंदा. म्हणजे चंदाची आई, तिकडे बायकांना असंच मुलांच्या नावाने मानाने हाक मारतात. परवानगीचे कागद त्यांनी परत पाठवले. त्यांचं म्हणणं एकच होतं. माझ्या जमिनीखाली काय आहे ते ज्याला दिसलं, त्याने आधी माझ्याशी बोलावं. म्हणून शनिवारी सकाळी सहाला कॉल ठरला. बाबांनी कोट घातला. रॉजर डोनट्सचा खोका घेऊन आला आणि आमच्या टेबलाशी गुडघे दुमडून बसला. पडद्यावर आंब्याचं झाड, त्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक साठीच्या बाई, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, मांडीवर सूप, आणि सुपात शेंगा. मुलेंगाकाका बाजूला उभे राहून त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगत होते.

"मुली शानी," बाई म्हणाल्या.

"शहाणी आहे," आई म्हणाली.

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. "माझं शेत तुम्ही पाहिलंय?" बाबा म्हणाले, नकाशावर. "इथे आलाय?" अजून योग आला नाही. "मग माझ्या मातीला हात कुणी लावला?"

बाबांनी अभिमानाने मला पुढे ओढलं. "माझ्या मुलीने. सगळी पाकिटं हिने स्वतः चाळली."

बाई पडद्याजवळ झुकून माझ्याकडे बघत राहिल्या. रोज मक्याचं पीठ चाळणारी बाई जे विचारेल तेच त्यांनी विचारलं. "कशाने चाळली, बाळा?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी उठले, खुंटीवरची चाळण काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. "नायलॉनची फाटली होती," मी म्हणाले. "पितळेची आहे. म्हणजे तांबं आणि जस्त. ती अकरा पाकिटं चहाच्या गाळणीतून काढली होती. बाबा, तो भ्रंश म्हणजे चहाची गाळणी आहे."

मग आई किंचाळली. तिला तांब्याचं सोयरसुतक नव्हतं. "माझ्या चाळणीतून माती? अगं, त्याच चाळणीने मैदा चाळलाय मी! सगळ्या मंडळाने खाल्लेत ते चिरोटे! आफ्रिकेची माती खाऊ घातलीस तू लोकांना!"

"भाजलेली होती, आई."

"काय करून राहिली तू, मंजू! भाजलेली म्हणे!"

तिकडे मुलेंगाकाकांनी फोन धरलेला हात खाली सोडला असावा, कारण पडद्यावर नुसतं आभाळ आणि आंब्याची पानं दिसू लागली, आणि मागून त्यांचं हसणं. "जस्त!" ते म्हणत होते. "सर, जस्त सापडलं!" रॉजर एकेकाच्या तोंडाकडे बघत होता, हातात अर्धा डोनट. फोन पुन्हा वर आला तेव्हा बानाचंदांना सगळं समजलं होतं. त्या हसत नव्हत्या. त्यांना चाळण जवळून बघायची होती. विणकर लुगड्याचा पोत बघतो तशी त्यांनी जाळी बघितली आणि आईला विचारलं, ही किती वर्षं टिकते. आई डोळे पुसत म्हणाली, बावीस झाली. त्या म्हणाल्या, आमच्याकडच्या दोनात जातात. दोघींचं त्यावर थोडं बोलणं झालं.

रॉजर ऐकायला तयार नव्हता. चाळणीने असं कितीसं तांबं येणार? बाबांनी उपम्यासाठी काढलेला रवा घेतला, ढेकळांसारखाच वाटीच्या बुडाने चाळणीवर घासला, डबीत भरला, गॅरेजमधून गन आणली. टुंई. मिनेसोटातल्या दुकानातला तो रवा, आकड्यांवरून पाहता, झांबियातल्या उत्तम जागांपैकी एक होता. मग त्यांनी न चाळलेल्या रव्यावर गन टेकवली. शून्य. रॉजरने डोनट खोक्यात परत ठेवला, खोका उचलला आणि गेला.

शनिवार-रविवार बाबा गॅरेजमध्ये होते. नवीन नायलॉनची चाळणी आणून त्यांनी दोनशेच्या दोनशे पाकिटांतली उरलेली माती पुन्हा चाळली. मी मदतीला गेले तर म्हणाले, "नंबर वाच." मी नंबर वाचत होते, ते आकडे लिहीत होते. संध्याकाळपर्यंत नकाशावर लाल म्हणून काही उरलं नाही. सगळं पोळीसारखं सपाट. बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर ते मला घेऊनच रॉजरच्या ऑफिसात गेले. ऑफिस एका दाताच्या दवाखान्याच्या वर होतं, त्यामुळे ड्रिलचा आवाज मात्र कायम यायचा. रॉजरच्या टेबलावर बाबांनीच लिहिलेला जस्ताचा सिद्धांत होता, नऊ पानं, स्टेपल केलेली. रॉजर बराच वेळ त्यांची कड सरळ करत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "माय फ्रेंड, हे अजून कुठे लेखी नाही ना? चाळणीचं?"

बाबा म्हणाले, "नाही."

"मग आपण पाऊस लागायच्या आत एक भोक पाडूया. काय निघेल ते निघेल. कुणाला काय माहीत."

व्हिसाच्या अर्जाची फाइलही तिथेच होती, निळी, रॉजरच्या कोपराखाली. मला ती दिसत होती म्हणजे बाबांनाही दिसत असणार. त्यांनी खिशातून पेन काढलं, पुन्हा ठेवलं.

"रॉजर," ते म्हणाले, "मुलेंगांना माहीत आहे. बानाचंदांना माहीत आहे. ते दोघं कदाचित गप्प बसतील. पण माझ्या बायकोलाही माहीत आहे. तिने कालच अठ्ठेचाळीस घरांत फोन करून चिरोट्यांबद्दल माफी मागितली आहे."

रॉजरने डोळे मिटले.

"आणि तिने फोन केले नसते," बाबा म्हणाले, "तरी आजच्या आज मी ते तुला लिहून देणार होतो. हे घे." त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर दोनशे नवे आकडे होते आणि खाली बाबांच्या अक्षरात तीन ओळी. चूक माझी, मी सोपवलेल्या कामावर देखरेख केली नाही. या जागी तांबं नाही. भोक पाडू नये. त्या ओळींत माझं नाव कुठेही नव्हतं.

रॉजरने तो कागद दोनदा वाचला. भोक पडलं नाही. व्हिसाच्या सहीचं काय केलं त्याने, ते आम्हाला कळायला फेब्रुवारी उजाडला. केली, पण पुढच्या वर्षी कंपनीच मिटली. अशा कंपन्या मिटतच असतात. त्यात माझ्या चाळणीचा हात नव्हता असं बाबा शेवटपर्यंत म्हणत. नंतर ते विहिरींसाठी पाणी शोधणाऱ्या एका ऑफिसात लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच रमले.

त्या दिवशी आम्ही निघताना रॉजरने ती नऊ पानं बाबांच्या हातात दिली. आम्ही खाली गाडीत येऊन बसलो. बाबांनी पट्टा लावला, किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही. पार्किंगमध्ये वाऱ्याने मेपलची पानं फिरत होती. मी म्हणाले, "बाबा, सॉरी," आणि रडायला लागले.

ते म्हणाले, "मंजू, हे वाचलंस का तू? जस्तावरचं?"

मी मान हलवली. नाही.

"वाच एकदा. खोटं आहे सगळं." त्यांनी पानं माझ्या मांडीवर ठेवली. "पण फार सुंदर लिहिलंय गं मी."

मग मी नाक पुसलं आणि तिथेच, दाताच्या दवाखान्यासमोर, पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बाबा डोळे मिटून, मान मागे टाकून ऐकत होते. तिसऱ्या पानावर त्यांनी मला थांबवलं आणि एका ठिकाणी स्वल्पविराम घालायला सांगितला.